मणक्याच्या दुखापतीनंतर नुकसानभरपाई: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठीचा कणा दुखावला की सगळे घर दवाखान्याच्या मागे लागते आणि कागद मागे राहतात. पुढे दावा अडतो तो बहुधा याच राहिलेल्या कागदांपाशी. इंदूरमध्ये असे बहुतेक दावे रस्त्यावरच्या अपघातांचे असतात, म्हणून इथे सर्वात जास्त जागा त्यांना दिली आहे. कारखाना, रेल्वे आणि शस्त्रक्रियेतील चूक यांबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

अपघात महाराष्ट्रात झाला, आम्ही राहतो सुदामा नगरला. दावा कुठे लावायचा?

इंदूरलाच लावता येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार अर्जदाराला तीन पर्याय आहेत: अपघात जिथे झाला ते ठिकाण, अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादी जिथे राहतो ते ठिकाण. धुळ्याजवळ गाडी उलटली असो की धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात ट्रकने ठोकले असो, इंदूरच्या रहिवाशाला इंदूरच्या जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते. व्हीलचेअरवरच्या माणसाने तारखेतारखेला दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याचे काही कारण नाही. राहण्याचा पुरावा मात्र इंदूरचाच जोडा. आधारवर अजून जुन्या गावाचा पत्ता असेल तर भाडेकरार, वीजबिल किंवा मुलांच्या शाळेचे कागद द्या.

मुदत किती असते?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की पुढील आदेशापर्यंत केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत. हा आदेश अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर बसू नका. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा. अपंगत्वाचे प्रमाणपत्र यायचे असेल, दुसरी शस्त्रक्रिया बाकी असेल, तरी थांबू नका. ते कागद मागाहून जोडता येतात, पण गेलेली तारीख परत आणता येत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत कोणते कागद जमवायचे?

सर्वात आधी हे बघा की दवाखान्याने 'एमएलसी' केली आहे का, म्हणजे हा अपघात असल्याचे पोलीस थान्याला कळवले आहे का. पुष्कळदा घरचे घाबरून 'घरात पाय घसरला' असे सांगतात आणि केसपेपरवर तेच उमटते. ती एक ओळ नंतर पुसता पुसत नाही. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत पहिला कागद तोच पुढे करतो.

एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. माणसाचा जीव वाचवण्यात दिवस गेले हे कारण कोर्ट मान्य करते, आणि रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटले आहे. मात्र उशिराचे कारण एफआयआरमध्येच लिहून घ्या. आपल्याकडे थान्याचे कागद हिंदीत असतात. जखमी माणूस किंवा वडीलधारी मंडळी मराठीत सांगतात, लिहिणारा त्याच्या पद्धतीने लिहितो, आणि 'मागून धडक दिली'चे 'समोरासमोर टक्कर' होऊन बसते. सही करण्याआधी जबाब मोठ्याने वाचून घ्या. गाडीचा नंबर, दिशा आणि वेळ या तीन गोष्टी पुन्हा तपासा.

नावाचेही तसेच. आधारवर 'प्रल्हाद', डिस्चार्ज कार्डवर 'प्रहलाद', बँकेत नुसते आद्याक्षर. सुरुवातीलाच एक शपथपत्र करून घेतले तर शेवटी पैसे अडकत नाहीत.

याशिवाय पंचनामा आणि घटनास्थळाचा नकाशा, दोन्ही वाहनांची कागदपत्रे, अपघातग्रस्त गाडीचे फोटो, एक्सरे आणि एमआरआयच्या फिल्म (नुसता रिपोर्ट पुरत नाही), शस्त्रक्रियेची नोंद, आणि बसवलेल्या स्क्रू-रॉडचे स्टिकर असलेले बिल. औषधाच्या प्रत्येक बिलावर रुग्णाचे नाव हवे, कच्ची चिठ्ठी चालत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्याच आठवड्यात मालकाला भेटा, कारण जुने चित्रण आपोआप पुसले जाते.

पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. सविस्तर अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात विमा पॉलिसी, परवाना आणि फिटनेस यांची पडताळणी आयती मिळते.

उपचाराला हातात पैसेच नाहीत. काही सोय आहे का?

मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयात होतो. मणक्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा मुक्काम एवढ्यात भागेलच असे नाही, पण एमआरआय आणि पहिले दिवस निघतात. ही मदत घेतल्याने भरपाईचा हक्क जात नाही.

अपघाताच्या दिवशी पाठ फारशी दुखली नाही. तीन आठवड्यांनी एमआरआयमध्ये गादी सरकल्याचे निघाले. आता?

इथे खरी लढाई असते. चाळिशीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये झीज दिसतेच, आणि रिपोर्टवर 'डीजनरेटिव्ह' हा शब्द आला की विमा कंपनी म्हणते, हे दुखणे जुनेच आहे. याला तीन उत्तरे देता येतात. पहिले, अपघाताच्या दिवशीच्या केसपेपरवर पाठ किंवा मान दुखत असल्याची एक ओळ तरी हवी. म्हणून जखम हाताला असली तरी पाठीबद्दल डॉक्टरांना सांगा. दुसरे, अपघातापूर्वी पाठीसाठी उपचार घेतलेले नव्हते आणि कामावर नियमित हजेरी होती हे दाखवा. हजेरीपट हा त्याचा उत्तम पुरावा आहे. तिसरे, ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोसर्जनकडून स्पष्ट लिहून घ्या की आधीची झीज असली तरी तिचा त्रास नव्हता, तो अपघातानंतर सुरू झाला. 'अपघाताशी सुसंगत' हे दोन शब्द रिपोर्टमध्ये असणे फार मोलाचे ठरते.

पाठीच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या सांध्यावरचे मणके, डी-१२ आणि एल-१, धडकेत वारंवार मोडतात. तिथले फ्रॅक्चर एमआरआयमध्ये ताजे आहे की जुने हे हाडातल्या सुजेवरून कळते. ती सूज काही महिन्यांत ओसरते, म्हणून एमआरआय लवकर करणे उपचारासाठी जितके गरजेचे तितकेच पुराव्यासाठीही.

प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व आहे. म्हणजे भरपाईही ४० टक्केच?

नाही. या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान यांत फरक केला. न्यायाधिकरणाने तीन गोष्टी बघायच्या: या माणसाला आता कोणती कामे जमतात आणि कोणती नाहीत, अपघातापूर्वी तो काय करत होता, आणि आता तो त्याच किंवा दुसऱ्या कामातून किती कमवू शकतो. एल-१ मोडलेल्या कारकुनाला वर्षभराने पुन्हा टेबलावर बसता येते. तीच दुखापत झालेल्या इलेक्ट्रिशियनला शिडी चढता येत नाही, वाकून वायर ओढता येत नाही. दोघांच्या प्रमाणपत्रावर ४० टक्केच असतात.

हिशेब असा. वय ३४, स्वतःचा धंदा, महिना १८,००० रुपये कमाई. प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) चाळिशीखालच्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे महिना २५,२००, वर्षाला ३,०२,४००. सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा) १६ आहे. गुणाकार ४८,३८,४०० रुपये. कमाईचे नुकसान ४० टक्के धरले तर १९,३५,३६०, ८० टक्के धरले तर ३८,७०,७२०. एका आकड्याने एकोणीस लाखांहून जास्त फरक पडतो, आणि तो आकडा साक्षीतून ठरतो. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात होत नाही. कुणी करत असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या.

इतर वयांचे गुणक: १५ ते २५ ला १८, २६ ते ३० ला १७, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. भविष्यातली वाढ स्वयंरोजगारीला ४० ते ५० वयात २५ टक्के, ५० ते ६० मध्ये १० टक्के. कायम नोकरी असेल तर हेच आकडे ५०, ३० आणि १५ टक्के.

प्रमाणपत्र घेताना एक गोष्ट बघा: टक्केवारी 'मणक्यापुरती' लिहिली आहे की 'संपूर्ण शरीराची'. नुसते मणक्यापुरते लिहिलेले असेल तर कोर्टात ती लगेच खाली येते. शासकीय वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र खाजगी डॉक्टरपेक्षा वजनदार असते. तरीही जमेल तिथे ज्या सर्जनने ऑपरेशन केले त्यांचीच साक्ष व्हायला हवी. प्रमाणपत्र नुसते फाइलला लावून ठेवले आणि डॉक्टर उभेच राहिले नाहीत, तर न्यायाधिकरण त्याचा आधार घेताना हात आखडता घेते. डॉक्टरांना समन्स काढून घेण्याचा अर्ज वेळेत द्या.

कमरेखालचा भाग लुळा पडला आहे. कमाईखेरीज काय मागता येते?

झालेला आणि होणारा औषधखर्च, ये-जा, सकस आहार, वेदना, संसारसुखाची हानी, आणि सर्वात मोठी रक्कम म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च. या खर्चाची मागणी दाव्यात राहून जाते, कारण 'घरचेच करतात'. घरचे करतात म्हणजे फुकट होते असे नाही. बायको नोकरी सोडते, आई रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देते. काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) या निकालात सुप्रीम कोर्टाने दोन परिचारकांचे प्रत्येकी ५,००० रुपये महिना धरून, १८ चा गुणक लावून, २१,६०,००० रुपये एवढ्यासाठीच दिले. तोपर्यंत न्यायाधिकरणे यासाठी ठोक रक्कम देऊन मोकळी होत असत. वरच्या ३४ वर्षांच्या माणसासाठी एका परिचारकाचे महिना ८,००० धरले तरी १५,३६,००० होतात.

पुढच्या खर्चाची यादी पक्की करा, अंदाजपंचे नको. मज्जारज्जूच्या दुखापतीत लघवी बहुधा आपोआप होत नाही, त्यामुळे दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालावी लागते. महिन्याला किती नळ्या, किती जेली, किती डायपर, हे बिलांवरून दाखवा. एअर मॅट्रेस, व्हीलचेअर आणि तिची दर काही वर्षांनी बदली, फिजिओथेरपीची दरमहाची पावती, दारात उतार आणि न्हाणीघरात दांडे बसवण्याचे गवंड्याचे अंदाजपत्रक. शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांसाठी वारंवार भरती व्हावे लागते, ते डॉक्टरांच्या साक्षीत यायला हवे. दुखापतीची श्रेणी, 'ए' ते 'ई' या मापाने, डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. 'ए' म्हणजे खाली संवेदना आणि हालचाल दोन्ही संपूर्ण गेलेल्या.

आयकर रिटर्न नाही. कमाई कशी सिद्ध करू? आणि गृहिणीचे काय?

बँकेतली उलाढाल, दुकानाचा परवाना, व्यापाऱ्यांची बिले, ठेकेदाराची साक्ष, जे असेल ते द्या. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अपघाताच्या काळातल्या मध्य प्रदेशच्या किमान वेतनाचा दर धरते. तिथे तुम्ही कुशल कामगार आहात हे मांडा, नाहीतर अकुशलाचा दर लागतो. शिंपीकाम, स्वयंपाक, वायरिंग ही कुशल कामे म्हणून मांडता येतात.

गृहिणीचे काम म्हणजे कमाईच, हे किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०२१) मध्ये सुप्रीम कोर्टाने ठळकपणे मांडले. कणा मोडलेली बाई ओट्यापाशी उभी राहू शकत नसेल तर तिचेही कमाईचे नुकसान झाले आहे. दाव्यात 'कमाई: काही नाही' असे कधीही लिहू देऊ नका.

ऑपरेशन पुण्याला भावाकडे राहून केले. तिथले डॉक्टर इथे कसे येणार?

इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमीचे आहे आणि दावा याच कारणाने रखडतो. दोन मार्ग आहेत: व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घेण्याचा अर्ज, किंवा कमिशन (साक्ष नोंदवायला नेमलेला माणूस) नेमून तिथेच साक्ष. डिस्चार्ज होतानाच रुग्णालयाकडून पूर्ण केसपेपरची प्रमाणित प्रत घ्या, दोन वर्षांनी मागायला गेलात तर हेलपाटे पडतात. मेडिक्लेम घेतला असेल तर मूळ बिले विमा कंपनीकडे जातात, म्हणून देण्यापूर्वी रुग्णालयाचा शिक्का असलेल्या प्रती करून ठेवा. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वजा होते की नाही यावर न्यायालयांत मतभेद राहिले आहेत. जीवन विमा आणि वैयक्तिक अपघात विमा यांची रक्कम मात्र वजा होत नाही.

मी हेल्मेट घातले नव्हते. मी मागे बसलो होतो. माझीच चूक होती.

तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हेल्मेट नसल्याने मणका मोडत नाही, त्यामुळे त्या कारणावरून कपात मागितली तर कडक विरोध करा. मागे बसलेल्याचा दावा समोरच्या गाडीच्या चुकीवर असेल तर तिची विमा कंपनी देते. पण चूक तुमच्याच गाडी चालवणाऱ्याची असेल, तर त्या गाडीची पॉलिसी काढून बघा: नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला येत नाही, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसीत येतो. स्वतःचीच चूक असेल तर कलम १६६ चा दावा नाही, पण मालक-चालकासाठी सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो पॉलिसीत भरलेला आहे का बघा. दोघांची थोडी थोडी चूक असेल तर तेवढी टक्केवारी वजा होते, दावा संपत नाही.

गाडी पळून गेली. किंवा सापडली, पण विमा नाही.

गाडी कळलीच नाही तर गंभीर दुखापतीला ठरलेले ५०,००० रुपये मिळतात. अर्ज एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदार कार्यालयात. विमा नसलेली गाडी सापडली तर मालक आणि चालक जबाबदार असतात. वसुली कठीण असते, म्हणून मालमत्तेची माहिती सुरुवातीपासून काढा. चालकाकडे परवाना नव्हता एवढ्यावरून विमा कंपनी सुटतेच असे नाही. पुष्कळदा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला द्यायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते.

विमा कंपनीने अडीच लाखांचा धनादेश देऊ केला आहे. घ्यावा का?

थांबा. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. ते कलम १४९ च्या पद्धतीने स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. ज्याचे पाय गेले त्याच्यासाठी हा सौदा फार तोट्याचा आहे. किरकोळ फ्रॅक्चर असेल, माणूस तीन महिन्यांत कामावर गेला असेल आणि समोरच्याची चूक सिद्ध होणे अवघड असेल, तर विचार करता येतो.

लोकअदालतीतला समझोता चांगला असू शकतो, पण त्यावर अपील नाही. दुखापत स्थिर झाल्याशिवाय तिथे सही करू नका. मणक्याची अंतिम स्थिती कळायला सहा महिने ते वर्षभर लागते, आणि स्क्रू सैल होणे किंवा दुसरे ऑपरेशन लागणे हे नंतरच उमगते.

वकील म्हणतात, मिळेल त्यातले २५ टक्के द्या.

भरपाईत हिस्सा ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी ठरवा, लेखी ठरवा आणि कोरे धनादेश देऊ नका. दवाखान्याच्या वॉर्डात येऊन वकीलपत्रावर सही मागणाऱ्यांना सही देऊ नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

निकालानंतर पैसे कधी हाती येतात?

निकालानंतर ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते आणि साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. अपील ९० दिवसांत हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात. कमी मिळाले म्हणून तुम्हीही जाऊ शकता. मोठ्या रकमेचा बराच भाग न्यायाधिकरण मुदतठेवीत अडकवते. शय्याव्रणाचे ऑपरेशन किंवा घरात बदल करायचे असतील तर अंदाजपत्रक जोडून मधेच रक्कम काढण्याचा अर्ज देता येतो. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी हा दावा पडत नाही, कारण इथे पुराव्याचा निकष वेगळा, संभाव्यतेचा (कोणती शक्यता जास्त ते बघण्याचा) असतो.

पीथमपुरात कामावर असताना पडलो. तेव्हा?

आधी बघा, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का (२१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला). जात असेल तर उपचार, तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के आणि पुढे कायम अपंगत्वाचे दरमहा पैसे तिथून मिळतात. मग त्याच दुखापतीसाठी मालकावर वेगळा दावा लावता येत नाही. अपघाताची नोंद कारखान्याच्या वहीत त्याच दिवशी झाली आहे याची खात्री करा.

ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाईचा कायदा लागतो. १९२३ च्या त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. १९२३ च्या कायद्याचा हिशेब असा होता: पूर्ण कायम अपंगत्वात वेतनाच्या ६० टक्के (वेतन १५,००० पर्यंतच धरत) गुणिले वयाचा घटक. ३५ वर्षांना घटक १९७.०६, म्हणजे ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. 'ठेकेदाराचा माणूस आहे' असे म्हणून मूळ मालक अंग काढू शकत नाही. कंपनीच्या गाडीत अपघात झाला तर मोटार कायदा किंवा हा, यातला एकच मार्ग निवडावा लागतो. मोठी दुखापत आणि तरुण वय असेल तर मोटार कायद्याचा आकडा बहुधा मोठा निघतो.

रेल्वेतून पडलो तर?

रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठात, एका वर्षाच्या आत. तिकीट जपून ठेवा. वैध तिकीट नसेल तर सगळे अवघड होते.

मणक्याचे ऑपरेशन बिघडले आणि पाय गेले. डॉक्टरांवर दावा लागतो का?

वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन, ऑपरेशननंतर पायांतली ताकद जात असताना तासन्‌तास एमआरआय न करणे, धोके न सांगता संमती घेणे, अशा गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि त्यासाठी त्याच विषयाच्या दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत हवे. जिल्हा ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षे. ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या २४ तासांची नर्सिंग नोंद, ज्यात पायांची ताकद कोणत्या वेळी तपासली ते असते, ती सर्वात आधी मागा.